मास्तरांची गीतलेखन कार्यशाळा, टिळकवाडी (बेळगाव) : जावं की न जावं?

आधी फीचं सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पहिलं तेच विचारलंय. माणशी बाराशे, शनिवार-रविवार दोन दिवस, चहा-नाष्टा आणि दोन्ही दुपारचं जेवण धरून. कॉलेजच्या पोरांना सातशे. वसूल होतात का म्हणाल तर शनिवारी होतात, रविवारी सकाळी पण होतात, रविवारी दुपारी जे काय चाललं ते फुकट असतं तरी मी बसलो नसतो. पाचातले साडेतीन स्टार देतोय, आणि ते साडेतीनच्या साडेतीन मास्तरांचे आहेत, आयोजकांनी त्यातला अर्धा पण आपला समजू नये.

मास्तरांचं नाव इथं टाकत नाही. वय ऐंशीच्या पुढं, कान एका बाजूनं कमी, नाव टाकलं की नंबर शोधून फोन करणारे लोक आहेत आपल्यात. एवढं सांगतो की मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, नोकरी निपाणी भागात मराठी शाळेत, आणि आयुष्यभर गाणी लिहिली ती भजनी मंडळांना, गावच्या नाटकांना, जत्रेच्या कॅसेटींना आणि शिवजयंतीच्या चित्ररथांना. बेळगावात वाढलेला असशील तर ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधनं त्यांची दोन-चार गाणी तुझ्या कानावरनं गेलेली असणारच, लिहिणारा कोण हे मात्र कुणी विचारत नाही. मी स्वतः उद्यमबागेत फौंड्रीत नोकरी करतो आणि आमच्या गल्लीच्या मंडळाला चित्ररथाची गाणी लिहून देतो, म्हणजे कवी वगैरे नव्हे, पण यमक जुळवायची सवय आहे, त्या नजरेनं हा रिव्ह्यू वाचा.

पहिल्या सेशनचं नाव छापलेलं होतं 'प्रेरणा'. मी मनात म्हटलं झालं, आता निसर्ग, आई आणि पाऊस. एका बाईंनी विचारलं पण लगेच, मास्तर तुम्हाला गाणं सुचतं कुठनं? मास्तर म्हणाले, "तारखेतनं सुचतंय ओ. उद्या नाटकाचा नारळ आणि आज रात्री मंडळाची पोरं दारात बसलेली, मग सुचत नाही म्हणून सांगायला तोंड कुठाय?" आणि मग त्यांनी गदिमांचं उदाहरण काढलं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं, दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी ५६ झाली. प्रत्येक आठवड्याला शब्द तयार, सुधीर फडक्यांची चाल तयार, गायक तयार, आणि रेडिओ काय कुणासाठी थांबत नाही. आपण ते ऐकताना डोळे मिटून भक्तीत बुडतो, आणि हा माणूस आम्हाला सांगतोय की त्याच्या मागं ५६ वेळा आलेला तोच वार बघा. मला हे फार पटलं. आम्ही शिफ्टमध्ये ऑर्डरची डेट असली की जे काम करतो ते एरवी करत नाही, गाण्याला वेगळा नियम कशाला?

पण मग तारीख सगळ्यांनाच असते, गाणी सगळ्यांची चांगली का होत नाहीत? हे मी विचारलं नाही, मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं. त्याचं उत्तर म्हणजेच ही सगळी कार्यशाळा असं मी म्हणेन, आणि ते मास्तरांनी बोलून दिलं नाही, एका पोरीच्या वहीवर करून दाखवलं.

ही पोरगी खानापूरकडची, बी.ए. करते. तिचे वडील गोव्यात कामाला, शनिवारी रात्री येतात, रविवारी रात्री परत. तिनं लिहून आणलं होतं, वियोगाच्या वेदनेनं मन व्याकुळ झालं, नयनी आसवांची गंगा, असं बरंच. वाचून झाल्यावर दोघा-तिघांनी वा वा केलं. मास्तर गप्प. मग म्हणाले, "पोरी, हे सगळं असू दे. बाबा यायच्या रात्री घरात काय होतंय ते सांग." ती म्हणाली काय नाही, आई जेवण झाकून ठेवून पडते. "मग?" मग गाडी येते. "गाडी आलेली कळती कशी?" वळणावर हॉर्न देतो ड्रायव्हर. "मग आई उठती?" ती जरा हसली आणि म्हणाली नाही, आधी आमचं कुत्रं उठतंय, मग आई. मास्तरांनी टेबलावर थाप मारली, "लिही हे!"

आता इथं मोजमाप आलं. मास्तरांनी फळ्यावर तुकोबांचा अभंग लिहिला आणि अक्षरं बोटांवर मोजायला लावली. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक, विटेवरी-कटावरी, आणि चौथा तुकडा आखूड, म्हणजे श्वास घ्यायला जागा. लहानपणापासून म्हणत आलो आपण पण हे मोजून कधी बघितलंय? मग म्हणाले ह्याच मापात कुत्रं बसवा. वीस मिनिटं सगळा हॉल बोटं मोडत बसला होता. माझं काय जमलं नाही, 'कुत्रं' शब्द अभंगात घालायला हात धजत नव्हता खरं तर. शेवटी त्या पोरीनं आणि मास्तरांनी मिळून जे केलं ते असं,

शनवारी गाडी, वळणाला येई,
कुत्रं जागं होई, आईआधी.

मोजून बघा, सहा सहा सहा चार. ह्यात वियोग नाही, व्याकुळ नाही, आसू नाहीत, आणि हॉलमध्ये ज्यांच्या घरातलं कोणी गोव्याला नाहीतर पुण्याला आहे (आपल्याकडं कुणाचं नाही सांगा) ते सगळे एकदम गप्प झाले. 'आईआधी' हा शेवटचा चार अक्षरांचा तुकडा बघा, आई जागीच होती हे त्यात न सांगता आलंय. मला तरी असं वाटलं, पोरीच्या मनात ते होतं की नाही देव जाणे.

तर हे असं. काय वाटलं ते लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. ऐकायला सोपं आहे, करताना घाम फुटतो.

दुपारचं सेशन तोंडाचं होतं. तोंडाचं म्हणजे शब्द गळ्यातनं कसे निघतात त्याचं. पेटीवाले दादा वरचा सा धरून बसले आणि मास्तर एकेकाला उभं करून म्हणायला लावत होते, आधी 'क्षितिज' वर नेऊन लांबवा, मग 'आभाळ' लांबवा. क्षितिजला सगळ्यांचे गळे आवळले. आभाळला 'भा' वर तोंड आपोआप उघडतं, आकार मिळतो, थांबायला जागा मिळते. तसंच जोडाक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलं की गायक अडखळतो, आणि ओळीच्या शेवटी 'त्', 'प्' असलं बंद होणारं अक्षर असलं की स्वर मध्येच मरतो. मास्तरांची टेस्ट अशी की ओळ लिहून पेटीवाल्याच्या हातात द्यायची आणि बाहेर चहा प्यायला जायचं. परत आल्यावर त्यानं विचारलं "श्वास कुठं घेऊ?" तर ओळ खोडायची, समजावून सांगत बसायचं नाही. म्हणाले, "गावात गाणं गेल्यावर सांगायला तू प्रत्येकाच्या घरी जाणार हाईस काय?"

माझी एक ओळ तिथं पडली. 'सह्याद्रीच्या उत्तुंग शिखरी' अशी सुरुवात होती, चार वर्षांखाली मंडळात हिट झालेली. मास्तरांनी फक्त एवढंच विचारलं की उत्तुंग शब्द तू घरात शेवटचा कधी वापरलास. पुढं बोलायची गरज पडली नाही.

चाल आधी की शब्द आधी ह्यावर अर्धा तास गेला, तो मी पटकन संपवतो. मास्तर दोन्ही करतात. जत्रेच्या कॅसेटला चाल आधी, कारण लोकांच्या पायाला ठेका पाहिजे, तिथं ते आधी ना ना ना करून खोकं भरतात आणि मग त्यात शब्द टाकतात. भजनाला आणि नाटकाला शब्द आधी. बाकी वाद घालण्यासारखं काही नाही त्यात.

शनिवारी संध्याकाळचं सेशन मात्र सोनं होतं. मास्तरांनी घरनं एक पत्र्याची ट्रंक आणली होती. त्यात खोडलेले कागद. लग्नपत्रिकांच्या पाठी, शाळेच्या हजेरीचे पाठकोरे कागद, कॅलेंडरची पानं, एक तर विडीच्या बंडलाचं आवरण. एका गाण्याचे सगळे कागद त्यांनी ओळीनं टेबलावर मांडले आणि आम्हाला फिरून बघा म्हणाले. पहिल्या कागदावर, 'मृगाच्या धारा धरेवरी आल्या'. त्यावर काट. दुसऱ्यावर 'मिरगाचा पाऊस शिवारात आला'. त्याच्यावर पण काट. तिसऱ्यावर 'मिरग आला, बांध फुटला', आणि बांध शब्दाखाली दोन रेघा. चौथ्यावर पाऊस गायबच झाला आणि आलं, 'बांधाला काय कळतंय पाणी कुणाचं'. म्हणजे गाणं सुरू झालं पावसावर आणि निघालं भलतीकडंच, आणि त्यांना स्वतःला ते तिसऱ्या कागदावर कळलं.

आता ह्या गाण्याची गंमत. हे गाणं सीमाभागातल्या मेळाव्यात, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या (आपला भाग कर्नाटकात घातला म्हणून निषेधाचा दिवस) आसपास, म्हणतात लोक. बांध म्हणजे सीमा, पाणी म्हणजे आपण, असं सगळे समजून चाललेले, मी पण. एका काकांनी तर उठून छोटं भाषणच केलं की मास्तरांनी सीमाप्रश्न कसा एका ओळीत मांडला. मास्तर कानाला हात लावून ऐकत होते, झाल्यावर म्हणाले, "ते माझं आणि थोरल्या भावाचं भांडण होतं ओ. भाताच्या रानाचं. पाणी त्याच्याकडनं आमच्याकडं येत होतं." सगळा हॉल हसला, काका पण हसले. मग मास्तर म्हणाले तुम्ही सीमेचं म्हणताय ते पण चुकीचं नव्हे, पण मी सीमेवर लिहायला बसलो असतो तर पहिल्याच ओळीत अन्याय आला असता आणि गाणं तिथंच आडवं झालं असतं. हे ऐकायला मी अजून बाराशे दिले असते.

सीमेवर थेट लिहिलेलं गाणं वाईटच होतं असं मात्र नव्हे, हे त्यांनीच पुढं सांगितलं. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड घ्या म्हणाले. ती चालू होते मुंबईला पोटासाठी निघालेल्या गड्यापासनं, गावात राहिलेल्या बायकोपासनं, तिचं रूप, तिचे दागिने, निरोप, आणि बेळगाव, कारवार, निपाणी येतात ते पार शेवटाकडं. मैना तिकडं आणि आपण इकडं, तशीच गत महाराष्ट्राची. आधी माणूस उभा केला, मग नकाशा काढला. निपाणीचं नाव गाण्यात ऐकून लहानपणी आमच्या अंगावर काटा यायचा, का यायचा ते आज समजलं.

उगम कुठं कुठं असतो ह्यावर मास्तर बरंच फिरले. निपाणीत शाळेला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूला बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या, मजुरी दर हजार विड्यांमागं, त्यामुळं बोटं थांबवायची सोय नाही, आणि तोंड मोकळं. पान कातरलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला, ह्या चार हालचालींचा जो ठेका आहे तो त्यांनी टेबलावर वाजवून दाखवला आणि मग त्यांचंच एक जुनं जत्रेचं गाणं त्याच्यावर म्हटलं. तंतोतंत बसलं! दुसरं, कन्नड. आमच्या कानात दोन्ही भाषा आहेत आणि त्याची लाज कशाला म्हणाले. सौंदत्तीच्या यल्लम्माची चौडक्यावरची गाणी, शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदं, हे ऐकतच ते मोठे झाले. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे आणि लिहिलं कन्नडमध्ये, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना. सुळेभावीला जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गळ्यात माळवा जाऊन बसला. "कानाला परमिट लागत नाही," असं म्हणाले आणि समोर बसलेले दोघं जरा अस्वस्थ झालेले मी बघितले, पण बोललं कोणी नाही.

उचललं तर चोरी होत नाही का, हा प्रश्न आलाच. त्यावर शांता शेळक्यांचं उदाहरण दिलं, 'तोच चंद्रमा नभात' चं मूळ एका जुन्या संस्कृत श्लोकात आहे, आणि बाईंनी ते कधी लपवलं नाही. श्लोकात जे होतं ते मराठी माणसाच्या तोंडात कसं येईल ते काम बाईंचं. आणि खेबुडकर तर मास्तरांचा जीव की प्राण, एक तर कोल्हापूरकडचे आणि दुसरं म्हणजे ते पण शाळामास्तर. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये घर जळालं आणि सोळाव्या वर्षी पहिली कविता आली ती 'मानवते तू विधवा झालीस', आणि त्याच हातानं पुढं १९७२ ला 'पिंजरा' च्या लावण्या. हे कसं काय, तर मास्तरांचं म्हणणं शाळेत दिवसभर चाळीस पोरांची तोंडं बघणाऱ्याला चाळीस आवाजात बोलता येतं. हे जरा स्वतःच्या धंद्याचं कौतुक झालं असं मला वाटलं, पण असू दे, वयाचा मान.

रविवारी सकाळी पैशाचा विषय निघाला. मास्तरांनी कॅसेटच्या काळात सगळी गाणी एकरकमी देऊन टाकलेली, कागद न वाचता सह्या. समोर एक वकील बसलेले होते, त्यांनी उठून चांगली माहिती दिली. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमातल्या किंवा रेकॉर्डिंगमधल्या गाण्याच्या गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मंडळासाठी लिहिणाऱ्या पोरांनो, निदान एवढं करा, गाणं दिल्याचा एक कागद, त्यावर तारीख आणि 'गीत' च्या पुढं तुमचं नाव. यूट्यूबवर चढवताना डिस्क्रिप्शनमध्ये नाव घाला म्हणून मागं लागा. मास्तर हे सगळं ऐकून म्हणाले "आता सांगून काय करूलाय ओ," पण पेन काढून लिहून घेतलं त्यांनी.

आता तक्रारी. पहिली, जाहिरातीत लिहिलं होतं की प्रत्येकाच्या एका गाण्याला संगीतकार चाल लावून देणार. प्रत्यक्षात पेटीवाले दादा रविवारी अर्धा तास, त्यात चार जणांचा नंबर लागला, बाकीच्यांना 'पुढच्या वेळी'. दादांचा दोष नाही, त्यांनी जेवण सोडून आणखी एकाचं करून दिलं. दुसरी, दिलेली पुस्तिका. छंदाची पानं कुठनं तरी उचलून छापलेली, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले, आणि मात्रा शिकवायच्या पुस्तिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मोजायचं काय? तिसरी, पाऊस धो धो, वर पत्रा, आणि एकच माईक, तोही शिट्ट्या मारणारा. जून ते सप्टेंबर बेळगावात पत्र्याखाली गाण्याचा कार्यक्रम ठेवणारा माणूस एकतर बाहेरगावचा असला पाहिजे नाहीतर बहिरा. चौथी आणि सगळ्यात मोठी, रविवारी दुपार. दोन ते पाच सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आजी-माजी, मग त्यांची मनोगतं, प्रत्येकजण 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणून सुरू. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. तेवढ्या वेळात ट्रंकेतलं आणखी एक गाणं उलगडून झालं असतं. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतो म्हणाले होते, अजून आलेलं नाही, विचारलं की हात जोडलेला इमोजी येतो.

जेवण चांगलं होतं, तक्रार नाही. नाष्ट्याला उप्पीट आणि शिरा, दुपारी भात-आमटी, बटाट्याची भाजी, रविवारी कुंदा. भात आपल्याकडचा वासाचा होता आणि वाढणाऱ्या मावशी आग्रह करत होत्या, त्यामुळं दुपारच्या सेशनला अर्धा हॉल जड झालेला.

कुणी जावं? भजनी मंडळात, नाटकात, गल्लीच्या मंडळात लिहिणाऱ्यांनी नक्की. शाळेत कविता शिकवणाऱ्यांनी पण. गझल, वृत्तं, त्यातलं व्याकरण पद्धतशीर शिकायचं असेल तर ही जागा नव्हे, मास्तर शिकवत नाहीत, ते तुमच्यासमोर काम करतात आणि तुम्ही बघायचं. रील्ससाठी झटपट हुक लाईन पाहिजे म्हणून एक पोरगं आलं होतं, ते शनिवारी दुपारीच गेलं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं म्हणतात, तेव्हा निदान पत्र्याचा आवाज नसेल. नोंदणी करताना दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या, चालीच्या सेशनला किती वेळ, आणि ट्रंक येणार का. ट्रंक येणार नसेल तर थांबा. पुढच्या दोन रांगांत जागा धरा कारण मास्तर माईक तोंडापासनं हातभर लांब धरतात. गाडी दुसऱ्या गेटच्या अलीकडंच लावा, आत गल्लीत जागा नाही आणि समोरचे आजोबा चाकातली हवा सोडतात. आणि रविवारी परतीची खानापूर-निपाणीची बस धरायची असेल तर दोनला जेवून सरळ उठा, सत्काराला थांबू नका, कोणी अडवत नाही.